संगीत सौभद्र आमच्या सोसायटीत : जिवंत साथ की ट्रॅक? पदं किती ठेवायची?

पागोळी

नमस्कार मंडळी.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत दरवर्षी गणपतीत मुलांचे नाच, अंताक्षरी, एखादी एकांकिका होते. यंदाच्या बैठकीत एका आजोबांनी 'संगीत सौभद्र करू या' म्हटलं आणि कुणी काही बोलायच्या आत चार हात वर झाले. (अण्णासाहेब किर्लोस्करांचं जुनं संगीत नाटक : बलराम बहीण सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो, तिचं मन अर्जुनावर, आणि कृष्ण ते जुळवून आणतो.) आता भूमिकाही ठरल्यात. नारद आठवीतली मुलगी आहे, कृष्ण बँकेतून निवृत्त झालेले काका, घटोत्कच जिममध्ये जाणारा इंजिनिअर. बलराम आणि सुभद्रा घरी बाप-लेक आहेत, त्यामुळे 'तुझं लग्न मी ठरवलंय' हा प्रसंग तालमीत फारच खरा होतोय.

अडचणी तीन आहेत. मंडप उघड्यावर, म्हणजे दहाला स्पीकर बंद. आरती आटपून साडेसातला पडदा उघडला तर अडीच तास हातात. मूळ संहिता पाच अंकी आणि पदं, म्हणजे नाटकातली गाणी, शंभरावर, मग ठेवायचं काय? तिसरी अडचण साथीची. आमच्याकडे ऑर्गन वाजवणारं कुणी नाही, तबला शिकणारे दोघे आहेत. समितीतल्या निम्म्या लोकांना ट्रॅक, म्हणजे ध्वनिमुद्रित साथ, लावून गावं असं वाटतं, कारण खर्च कमी आणि धोका नाही. मला स्वतःला ते पटत नाही. संगीत नाटक म्हणायचं तर समोर बसून कुणीतरी सूर धरलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी हौशी संगीत नाटकं केलीत त्यांनी अनुभव सांगा.

ठाणेकर_अमोल

ट्रॅकला एवढी नावं ठेवू नका. आमच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात ट्रॅकवरच नाट्यगीतं झाली आणि लोकांना आवडली. आजकाल मोबाइलवर पट्टी (सुराची उंची) खालीवर करता येते, लयही कमी करता येते. नवख्या माणसाला ट्रॅकचा आधार असतो. चांगला साथीदार मिळाला तर प्रश्नच नाही, पण वाईट जिवंत साथीपेक्षा चांगला ट्रॅक बरा.

शेवंती

अरे वा! घटोत्कच सुभद्रेला उचलून नेणार का खरोखर? त्या प्रसंगाचा व्हिडिओ नक्की टाका. :)

मांडवी_रत्नागिरी

पागोळीताई, अभिनंदन. राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या हौशी प्रयोगांत मी बरीच वर्षं विंगेत आणि थोडी वर्षं रंगमंचावर काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमोल, नाट्यगीताचा कार्यक्रम आणि नाटकातलं पद यांत फरक आहे. कार्यक्रमात गाणं सुरू होतं, संपतं, टाळ्या. नाटकात पद संवादातून उगवतं. 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणायच्या आधी सुभद्रा बोलत असते, तिचा गळा दाटलेला असतो, आणि ती कधी सूर उचलणार हे तिचं तिलाच ठरवायचं असतं. ऑर्गनवाला तिच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो. तिने एक श्वास जास्त घेतला तर तो थांबतो. ट्रॅक थांबत नाही. ट्रॅक सुरू करणारा मुलगा लॅपटॉपसमोर बसून वाक्य संपण्याची वाट बघतो, आणि नटाने एखादं वाक्य गाळलं की तो गोंधळतो. नवख्याला ट्रॅकचा आधार असतो म्हणता, पण नवखाच चुकतो आणि चुकलेल्याला सांभाळून घेणं फक्त माणसाला जमतं. एखादी ओळ विसरली तर साथीदार तीच ओळ पेटीवर वाजवून आठवण करून देतो, प्रेक्षकांना कळतही नाही.

पदांबद्दल : जास्तीत जास्त अठरा ते वीस. त्यातली निम्मी साकी, दिंडी अशा साध्या वृत्तांतली छोटी ठेवा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कर्नाटकी चाली, लावण्या, कीर्तनातल्या आणि बायकांच्या गाण्यांतल्या चाली, सगळं घेतलं होतं. त्यातल्या साक्या आणि दिंड्या सोसायटीतल्या कुणालाही चार दिवसांत जमतात, ताना-आलापांची गरज नाही. मोठी पदं फक्त ज्यांचा गळा तयार आहे त्यांना द्या.

पागोळी

@शेवंती, घटोत्कचाबद्दलही विचारायचंच होतं. सुभद्रा करणारी मुलगी म्हणते मला उचलू नका.

@मांडवी, फार मोलाचं लिहिलंत. पण आमच्या सुभद्रेची पट्टी पेटीवरची काळी चार आणि कृष्णाची पांढरी एक. तबला किती वेळा लावायचा?

पायपेटी

हा प्रश्न माझ्या आवडीचा. तबला मध्येच लावत बसू नका. दोन तबले ठेवा, एक पुरुषांच्या पट्टीत आणि एक बायकांच्या, आणि वादक तेवढा तबला बदलेल. सगळ्या पुरुषांना एकाच पट्टीत बसवायचा प्रयत्न करा. कृष्ण पांढरी एकमध्ये गात असेल तर अर्जुनाला काळी एकचा हट्ट सोडायला सांगा. अर्ध्या पट्टीने कुणाचं फार बिघडत नाही, तबल्याचं मात्र बिघडतं. आठवीतली नारद मुलगी आहे ना, ती सुभद्रेच्याच पट्टीत गाईल. म्हणजे सगळं नाटक दोन पट्ट्यांत बसलं.

आता ऑर्गन. लोक म्हणतात हार्मोनियम आणि ऑर्गन एकच. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो, ऑर्गनला भाता पायांनी चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे. डाव्या हाताने खर्ज (खालचा सूर) धरून उजव्याने पद वाजवता येतं, त्यामुळे नटाच्या आवाजामागे भरीव सूर राहतो. जुने परदेशी ऑर्गन आता दुरुस्त करणारे कमी उरलेत आणि ते हलवायला चार माणसं लागतात. तुम्ही त्याच्या मागे लागू नका. एखाद्या साध्या कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून, पाठीशी हातपेटी असली तरी सोसायटीच्या प्रयोगाला उत्तम चालतं. मात्र वाजवणाऱ्याला रंगमंचाच्या पुढे एका बाजूला असं बसवा की त्याला नटाचे ओठ दिसतील. मागे विंगेत बसवलात तर जिवंत साथीचा अर्धा फायदा गेला.

ठाणेकर_अमोल

पायपेटी, हे सगळं मान्य. पण असा माणूस मिळणार कुठे आणि तो तालमीला येणार किती वेळा? पागोळींची खरी अडचण तीच आहे.

फोंडेकर

अमोलबाब, आमच्याकडे गोव्याक या. फोंडा तालुक्यात जत्रेला नाटक झालं नाही तर जत्रा झाल्यासारखीच वाटत नाही. देवळासमोर मांडव घालायचा, रात्री उशिरा नाटक सुरू करायचं आणि पहाटेपर्यंत चालवायचं. कृष्ण कधी बस कंडक्टर असतो, बलराम काजूच्या बागायतीचा मालक, रुक्मिणी शाळेतली बाई. पेटी वाजवणारा गावातलाच. तो तालमीच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर बसतो, कारण त्याचं घर समोरच असतं. मास्टर दीनानाथांच्या मंगेशीपासून आमचं गाव लांब नाही, आणि इथे लहानपणापासून नाट्यपदं कानावर पडतात ती रेडिओवरून नाही, शेजारच्या अंगणातल्या तालमीतून.

मला म्हणायचं आहे ते असं, की साथीदार बाहेरून आणला की तो पाहुणा असतो. रंगीत तालमीला येतो, मानधन घेतो, जातो. सोसायटीत पेटी शिकलेल्या एक-दोन आजी-काकू नक्की असतील. आधी घरात शोधा. नाट्यपद जमत नसेल तर ती शिकतील, दोन महिने आहेत.

बक्षिसाची गंमत सांगतो. आमच्याकडे पद रंगलं की प्रेक्षकातून कुणीतरी उठून नटाला पैसे देतो आणि मग 'वन्समोअर'. तुमच्या दहा वाजताच्या नियमात वन्समोअरला वेळ धरून ठेवा हो!

शेवंती

+१ फोंडेकर. आमच्या बिल्डिंगमध्ये पेटी वाजवणाऱ्या आजी होत्या हे भजनी मंडळ सुरू झाल्यावर कळलं, त्याआधी कुणाला माहीत नव्हतं.

अनाहत

थोडा वेगळा सूर लावते. सौभद्र मला आवडतं, पण मुलंही बघणार म्हणून विचारते. मोठा भाऊ बहिणीला न विचारता दुर्योधनाशी लग्न ठरवतो. अर्जुनाचं आधीच लग्न झालेलं आहे. वर सुभद्रा त्याची मामेबहीण. आमच्या पुतण्याने पुस्तकात वाचून हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारले होते. कौटुंबिक म्हणून त्याऐवजी संशयकल्लोळ का नाही घेत? विनोदी आहे, पदंही सोपी आणि ओळखीची.

मांडवी_रत्नागिरी

अनाहतताई, प्रश्न रास्त आहेत. पण संशयकल्लोळात रेवती गणिकेच्या घरातली, आणि सगळा गोंधळ नवऱ्याच्या बायकोवरच्या संशयाचा. ते मुलांना समजावणं जास्त अवघड आहे असं मला वाटतं. देवलांचं ते नाटक मला फार प्रिय आहे. पण राक्षस, सोंग घेतलेला संन्यासी असं काही त्यात नाही. सौभद्रात मुलांना बघायला खूप आहे.

आणि सुभद्रेला न विचारता लग्न ठरवणं हे नाटक चुकीचं मानतं ना! सगळं नाटक तिच्या बाजूने आहे. बलराम चांगला माणूस आहे, पण त्याने बहिणीला विचारलं नाही म्हणून सगळे त्याला फसवतात, अगदी धाकटा भाऊ कृष्णसुद्धा. १८८२ साली पुण्यात हे रंगमंचावर आलं तेव्हा सुभद्रेचं काम भाऊराव कोल्हटकर करत, म्हणजे पुरुषच. तरी लोक सुभद्रेसाठी हळहळले. बाप-लेक हे काम करताहेत तर तालमीत दोघांना हा प्रसंग शांतपणे बोलू द्या. मला तर वाटतं सोसायटीतल्या सगळ्या बापांनी तो बघावा.

अनाहत

हे मान्य आहे. बलरामाला खलनायक करू नका, एवढंच मग माझं म्हणणं. तो रागावतो ते खऱ्या मायेने.

स्वरूप_न्यूजर्सी

आम्ही इथे मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचं संगीत नाटक करतो, त्यावरून थोडं लिहितो. इथल्या मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यामुळे पदं आणि संवाद आम्ही आवाजात ध्वनिमुद्रित करून पालकांना पाठवतो आणि मुलं गाडीतून शाळेत जाता-येता ऐकतात. पुस्तकातून पाठ केलेलं एकसुरी येतं, ऐकून पाठ केलेलं बोलण्यासारखं येतं. तुमच्या डोंबिवलीतल्या मुलांचीही मराठी वाचायची सवय कमी असेल तर हे करून बघा.

इथे आम्ही पहिल्यांदा ट्रॅक वापरला होता. नारद झालेल्या मुलाने पद थोडं आधी सुरू केलं आणि ट्रॅक मागे राहिला, मग सगळं पद तो आणि ट्रॅक वेगवेगळे. तो शेवटपर्यंत गायला, पण विंगेत येऊन रडला. पुढच्या वर्षी पेटी वाजवणाऱ्या एका काकूंना विनवलं. त्याच मुलाने पुन्हा तसंच केलं, आणि काकूंनी त्याला पहिल्या दोन अक्षरांतच गाठलं.

ठाणेकर_अमोल

हा अनुभव मात्र बोलका आहे. मी माझं मत बदलतो : तालमीला ट्रॅक, प्रयोगाला माणूस. घरी सराव करायला ट्रॅक चांगलाच.

पायपेटी

हे अगदी बरोबर. फक्त घरच्या ट्रॅकची पट्टी प्रयोगाच्या पट्टीशी जुळवून द्या, नाहीतर गळ्याला भलतीच सवय लागते.

नेपथ्यकार

घटोत्कच कुणी विसरलं का? हौशी नाटकात खरोखर उचलू नका. पडली, मनगट मुरगळलं, तर पुढचे अंक कोण करणार? आम्ही असं केलं होतं : सुभद्रा निजते तो मंचक हलक्या प्लायचा, खाली चार मजबूत चाकं, त्यांना ब्रेक. घटोत्कच येतो, प्रकाश निळा होतो, मोठ्या आवाजात हसतो, आणि मंचकच ढकलत विंगेत नेतो. सोबत सात-आठ लहान मुलं राक्षस म्हणून आणायची, तोंडाला काजळ, डोक्याला काळी फडकी. सगळी मिळून ढकलतात. ज्या मुलांना एकही संवाद द्यायला जागा नव्हती त्यांची सोय झाली, आणि त्यांचे आई-बाप, आजी-आजोबा पहिल्या रांगेत. दुसऱ्या बाजूने तोच मंचक वनात आला की सुभद्रा जागी होते आणि समोर अर्जुन. पडदा पाडावा लागत नाही, पाच मिनिटं वाचतात.

नेपथ्याचं सांगायचं तर द्वारकेचा महाल आणि वन, दोनच. मागचा पडदा एक ठेवा, खांब आणि झाडं हलती ठेवा. प्रत्येक प्रवेशाला पडदा पाडत बसलात तर दहा वाजता सुभद्रेचं लग्न अर्धवट राहील.

शेवंती

'लग्न उरलेलं उद्याच्या आरतीनंतर' असा फलक लावता येईल. :D

कुंभारवाडा

मुकुट, दागिने, गदा भाड्याने मिळतात, पण लहान मुलांच्या डोक्याला मोठे होतात. पुठ्ठ्याचे घरी करा. आणि बलरामाच्या दाढी-मिशांचा गोंद हातावर लावून बघा, काहींना त्याने खाज सुटते. पात्रांना धोतर नेसून चालायची सवय दोन आठवडे आधी लावा. मी जिथे रंगभूषा करतो तिथे धोतरात अडखळलेला अर्जुन पाहिला आहे.

माइकबद्दल कुणी बोललं नाही. मुलं ओरडतात, आज्यांचा आवाज पोचत नाही. गाणाऱ्यांना कॉलर माइक आणि बाकीच्यांसाठी वर टांगलेले दोन माइक पुरतात. शिवाय रंगमंचाकडे तोंड करून एक छोटा स्पीकर हवाच, त्यात फक्त पेटीचा सूर. तो नसला की नट बेसूर होतो आणि लोक नटाला दोष देतात.

पागोळी

किती शिकवताय सगळे! चाकांचा मंचक तर मंजूर झालाच. सुभद्रा करणारी मुलगी फारच खूश आहे.

एक कायद्याचा प्रश्न. संहितेसाठी कुणाची परवानगी लागते का? आमच्या समितीत यावरून वाद चालू आहे.

मांडवी_रत्नागिरी

किर्लोस्कर १८८५ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून मूळ सौभद्राला परवानगी लागत नाही. पण हल्ली छापलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांमध्ये संपादकाने काही नवं लिहिलेलं असेल तर त्याचा हक्क वेगळा. शिवाय बाजारातल्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचा हक्क असतो, हेही समितीला सांगा. मूळ संहिता घेऊन स्वतः कात्री लावा. महाराष्ट्रात तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मतकरींच्या बालनाटकासारखं आधुनिक काही केलंत तर लेखकाच्या वारसांना विचारणं आणि मानधन देणं आलंच.

कात्री कुठे लावायची? कथा तोडू नका. दुर्योधनाशी ठरलेलं लग्न, सुभद्रेचं दुःख, घटोत्कच, संन्यासी अर्जुन, रुक्मिणीचा रुसवा, शेवट. या प्रत्येकाला एक तरी पद हवंच. 'प्रिये पहा' आणि 'नच सुंदरी करू कोपा' काढलीत तर प्रेक्षकांतल्या आज्या तुम्हाला घरी जाऊ देणार नाहीत. बाकी पुनरुक्ती आहे ती काढा. नांदीला, म्हणजे सुरुवातीच्या प्रार्थनेला, बहुतेक मंडळी किर्लोस्करांच्याच शाकुंतलातलं 'पंचतुंड' गातात, तेच सगळ्यांनी मिळून म्हणा. त्यात सोसायटीतले सगळे उभे राहू शकतात, गळा असो-नसो.

फोंडेकर

नांदीला सगळे, हे फार बरं सांगितलंत. आमच्याकडे पडदा उघडण्याआधी मेकअप केलेले सगळे नट रंगमंचावर देवाला हात जोडतात, त्यात चहावालाही असतो.

अनाहत

पागोळी, कृष्ण करणारे काका निवृत्त आहेत म्हणालात. 'प्रिये पहा' त्यांना वरच्या सप्तकात झेपतंय का? देसकार रागातलं आहे, मला ऐकायला आवडतं, गायला अवघड. तान घ्यायचा हट्ट करू देऊ नका. शब्द नीट पोचले तरी ते पद सुंदर लागतं.

पागोळी

काका रोज सकाळी गच्चीवर रियाज करतात, वरच्या मजल्यावरची मंडळी सांगतात की आता त्यांनाही पाठ झालंय. त्यांना तुमचा निरोप देते.

बातमी सांगायला आले आहे. फोंडेकरांचं ऐकून व्हॉट्सअ‍ॅप गटात 'पेटी कुणाला येते' असं विचारलं. बी विंगमधल्या एका आजींचा फोन आला. लग्नाआधी पेटीच्या परीक्षा दिल्या होत्या, पेटी माळ्यावर. मुलाने उतरवली, दोन सूर गेलेत, दुरुस्तीला टाकली आहे. आजी म्हणाल्या, नाट्यपद वाजवेन पण मला आधी सुभद्रेशी रोज बसू द्या. समितीत पुन्हा मतं घेतली, ट्रॅकच्या बाजूने फक्त खजिनदार उरले. पदं सतरा ठरलीत, त्यांतल्या नऊ साक्या-दिंड्या. दोन तास दहा मिनिटांचा प्रयोग धरलाय, म्हणजे वन्समोअरला वीस मिनिटं.

आता एकच राहिलंय : पेटी दुरुस्त होईपर्यंत आजींना दुसरी हवी. डोंबिवली, कल्याण, ठाण्यात कुणी महिनाभर देईल का?

पायपेटी

मुलुंडला माझ्याकडे पायपेटी आहे, वापरात नाही. भाता मागच्या वर्षी बदलून घेतलाय. महिनाभर काय, प्रयोग होईपर्यंत ठेवा. टेम्पोची सोय तेवढी तुम्ही करा, तिरकी आडवी करू नका. आजींना पायाची सवय व्हायला आठवडा लागेल, त्यांना आधी फक्त एक सूर धरून भाता चालवायला सांगा, पदं नंतर. खाजगी निरोपात पत्ता कळवतो.

ठाणेकर_अमोल

टेम्पो माझ्या मित्राचा आहे. शनिवारी सकाळी मुलुंडहून उचलून डोंबिवलीला आणतो, मी स्वतः बरोबर येतो. उचलायला दोन माणसं तिकडे तयार ठेवा.